फोटोत न आलेली रांग

मामा अंबडच्या गावकारभाराच्या कमिटीच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा मी औरंगाबादला कॉलेजात होतो. आमच्या घराण्यात एवढं शिकलेला मी पहिलाच. त्यामुळे सुट्टीत गेलो की हैदराबादहून येणारं उर्दू वर्तमानपत्र हॉटेलापुढे मीच वाचून मराठीत सांगायचो.

मामांना एकाच गोष्टीसाठी निवडून यायचं होतं. लेव्हीची, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या धान्यवसुलीची माणसं धान्याबरोबर बियाणंही उचलून न्यायची, ते थांबवायचं होतं. जिल्ह्याचे तालुकदारसाहेब दौऱ्यावर आले तेव्हा मामा त्याचाच अर्ज घेऊन त्यांना भेटले. साहेबांपुढे जायचं तर नजर द्यायचा रिवाज होता. रुमालावर रुपया ठेवायचा, कमरेत वाकून पुढे करायचा; साहेब बोट लावून परत करत. मामांच्या मागे निम्मं गाव तसेच रुमाल घेऊन रांगेत उभं होतं. मीही होतो.

वर्तमानपत्रात फोटो आला त्यात रांग नव्हती. वाकलेले मामा आणि खुर्चीतले साहेब, एवढंच. खाली लिहिलं होतं, ‘सरकारचा वफादार उमेदवार’. काही दिवसांनी, संस्थानाच्या सरहद्दीपलीकडून, इंग्रजी मुलखातून चोरून येणाऱ्या मराठी साप्ताहिकानं तोच फोटो छापला. त्याखाली होतं, ‘सरकारचा लाचार’. अर्जाबद्दल दोन्हीकडे एक अक्षर नव्हतं.

"काय भाचेबुवा, मामाची कंबर सरळ झाली का न्हाई?" हॉटेलात एकानं विचारलं. रांगेत तो मामांच्या मागेच होता.

"तुम्हीबी वाकल्तेच की," मी कसंबसं म्हणालो.

"वाकल्तो ना. पण माझा फोटो कुठं छापलाय?"

सगळे हसले. त्याला ते मनापासून पटलेलं होतं, असं मला आजही वाटतं.

मामा निवडणुकीत पडले. सुगीनंतर लेव्हीवाले शेजाऱ्याच्या खळ्यावर आले, तेव्हा मामा न बोलावता गेले. मीही मागोमाग गेलो.

शेजारी मामांना म्हणाला, "आबा, तुमच्या लोकाइला सांगा, बियाणं तरी ठिवा म्हणावं."

मामांचा चेहरा उतरला. तरी ते लेव्हीवाल्यांच्या जमादाराशी उर्दूत बोलत राहिले, हात जोडले. जमादारानंही तो फोटो पाहिला असावा. त्यानं हसून बियाण्याचं पोतं गाडीतून उतरवायला लावलं.

"बघा, कसं बराबर ऐकतेत त्याचं," मागून कुणीतरी म्हणालं.

शेजाऱ्यानं पोतं ओढत आत नेलं. मामांकडे पाहिलं नाही.

वाटेत मामा एवढंच म्हणाले, "न्हाई गेलो तर बियाणं जातं. गेलो तर मंग तेच खरं ठरून राह्यलं."

पुढच्या सुगीला लेव्हीवाले पुन्हा आले. मामा उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. त्या वर्षी आमच्या आळीत कुणाकडेच बियाणं उरलं नाही.