जावयाचं धोतर

"झाड कुठं पळून जातंय, रावजी?" असं म्हणून तो झारी खाली ठेवायचा आणि कानावरची अर्धी विडी काढायचा. समोरचा कितीही घाईत असो, विडी पेटेपर्यंत पुढचं उत्तर मिळत नसे. नगरपालिकेच्या बागेतल्या या माळ्यानं मला फसवलं. तंजावूरच्या बाजारात मला कोणी फसवत नाही, हे तुमच्याही कानावर असेल. म्हणून तर लिहायला बसलो.

मी लाकडं वाहता वाहता वखारीचा मालक झालेला माणूस. त्या वर्षांत गावात रंगीत टीव्हीची दुकानं निघत होती आणि नगरपालिकेकडे बागेला पाणी घालायला पैसे नव्हते. आधी बागेचं पाणी तुटलं, मग माळ्याचा पगार. शेवटी बाग बंद करून तिथं दुकानांचे गाळे बांधायचं ठरलं. झाडांचा लिलाव होणार होता. माळी मात्र शेजारच्या विहिरीवरून झाऱ्या भरतच राहिला.

मी झाडं बघायला गेलो. फाटकाशी पिंपळ आणि कडुनिंब एकमेकांना मिठी मारून वाढलेले. मी बुंध्याला मापाचा टेप लावला, तसा तो म्हणाला, "बिनलग्नाची जोडी आहे. तोडलीत तर दोष लागेल. आधी लग्न लावा, मग काय ते करा."

आमच्याकडे अशा जोडीचं लग्न लावतात. पिंपळ नवरा, कडुनिंब नवरी. मला तिन्ही मुलगेच. कन्यादानाचं पुण्य दारी चालून आलंय, हे तो आदल्याच दिवशी माझ्या बायकोला सांगून आला होता. मग माझं काय चालणार?

तो वरपक्ष, मी वधूपक्ष. बोलणी बागेतल्या मोडक्या बाकावर झाली. त्यानं जावयाला अंगठी मागितली, वर स्कूटर. मी भडकलो. "स्कूटर? त्याला पाय तरी आहेत का?"

"म्हणूनच लागते," तो म्हणाला.

दोन तास घासाघीस करून मी त्याला खाली आणलं. दर दिवाळीला एक धोतर आणि उन्हाळाभर पाणी. उन्हाळा यायच्या आत झाडं माझ्या वखारीत पडणार होती, तेव्हा शब्द द्यायला माझं काय जात होतं? "फार ताणलंत, रावजी," म्हणून त्यानं मान खाली घातली. मी शीळ घालत घरी गेलो.

लग्नाला गावातले सगळे वखारवाले आले. त्यानं स्वतः दारोदार जाऊन बोलावलं होतं. नवरीच्या बुंध्याला ताली, म्हणजे इकडचं मंगळसूत्र, बांधली गेली, त्यांनी अक्षता टाकल्या, पायसम ओरपलं. लिलावाच्या दिवशी बोली लावायला एकाचंही तोंड उघडेना. मी उघडलं, तर माझाच लाकूडतोड्या मागून म्हणाला, "मुलगी तुमची आहे. कुऱ्हाड मी नाही घालणार." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

त्या जोडीला हळदकुंकू वाहायला बायकांची रीघ लागली. नगरपालिकेनं गाळे दुसरीकडे नेले. बाग उघडी राहिली, फक्त तिला पाणी द्यायला कोणी तयार नव्हतं.

पाणी मी दिलं. दिवाळीला तो वखारीत हजर. "जावई यायचा होता, पण स्कूटर नाही ना." पुढं धोतराबरोबर फाटकाच्या बिजागऱ्या आल्या, मग रबरी नळी, मग पोरांना झोपाळा. सगळं मुलीच्या नावानं. मी शिव्या घालायचो. तो विडी पेटवून त्या संपायची वाट बघायचा.

यंदा उन्हाळ्यात तो गेला. दिवाळीला मी दुपारपर्यंत वखारीच्या दाराकडे बघत बसलो, मग चिडून स्वतःच धोतर घेऊन बागेत गेलो. झोपाळा रिकामा नव्हता. बुंध्याला धोतर गुंडाळलं, पण टोकाला टोक पोचेना. जावई जाड झाला होता. गेल्या वर्षीचं धोतर खाली विटून लोंबत होतं. तेही अपुरंच पडलं असणार, कारण त्याला गाठ मारून एक तुकडा जोडला होता. चौकड्यांचा. माळ्याच्या लुंगीचा.

बाजारात परत गेलो आणि दुसरं धोतर घेतलं. भाव करायचा राहिला, हे घरी आल्यावर ध्यानात आलं. त्याचाही राग मी त्याच्यावरच धरून आहे.