इंजिनाचा घास

वडगाव रासाईच्या बानूबाईच्या हातचा घास न खाल्लेला माणूस त्या बाजूला सापडणं अवघड होतं. ती जेवायला बसली आणि समोरून कुणी जाताना दिसलं, की संपलंच. 'जेवलास का' असं विचारायची तिची पद्धत नव्हती. विचारलं की लोक खोटं बोलतात, हे तिला ठाऊक होतं. भाकरीचा तुकडा कालवणात बुडवायचा आणि सरळ तोंडात. देवी टोचायला आलेला सरकारी माणूस घरातली नावं विचारायला तोंड उघडायचा, आणि तेवढंच तिला पुरायचं. तिच्या शेळ्यांनाही आपण माणसंच आहोत असं वाटायला लागलं होतं.

बन्सी मेकॅनिकला तिनं पहिल्याच दिवशी भरवलं. बन्सी दौंडच्या बौद्ध वस्तीतला. इंजिन बिघडलं की त्याला मानानं बोलावणं जायचं, आणि दुरुस्त झालं की चहा वेगळ्या कपातून यायचा; चौऱ्याहत्तर साल होतं तरी. बानूबाईनं मात्र दीर शंकरराव बघत असताना त्याच्या काळ्या, तेलकट हातांकडं पाहिलं, 'तुला हातानं खाता यायचं न्हाई' म्हणाली आणि घास पुढं केला. शंकररावांना ठसका लागला. बन्सीनं तोंड उघडलं.

इंजिन तिच्या मुलाचं, मल्हारीचं. भीमेच्या काठावर बसवलेलं, नदीचं पाणी वर शेतात चढवणारं. बाप, आजे मेंढरांमागं हिंडले. एका जागी बसून शेती करायची म्हणून मल्हारीनं ते आणलं, त्याला खंडोबाचा भंडारा लावला, आणि दुसऱ्याच वर्षी मुदतीच्या तापानं तो गेला. मागं आई राहिली आणि इंजिन. चालवायचे शंकरराव, पण सकाळी हँडल मारायच्या आधी बानूबाई तिथं हजर असायची.

मल्हारी गेला तेव्हापासून इंजिनाचा पंप अडकायला लागला. पाण्याचा नव्हे, डिझेलचा. ही मुठीएवढी वस्तू. आतल्या नळीत एक दांडी वरखाली होते आणि डिझेल जोरानं ते फवारणाऱ्या नोझलकडं ढकलते. दांडी आणि नळी यांच्यात केसाचंही अंतर नसतं, त्यामुळं जराशी घाण गेली की दांडी ओरखडते, नाहीतर अडकून बसते. बन्सीनं दोनदा पंप खोलला, दोनदा दांडी-नळीची नवी जोडी घातली. दोन्ही वेळा टाकीच्या तळाला पिवळा गाळ होता. दुसऱ्या खेपेला त्यानं तो बोटांत चोळून पाहिला. हळद. पण बोलला नाही. देव सोडलेल्या माणसानं भंडाऱ्याला नावं ठेवली, असा गावभर बोभाटा झाला असता. शिवाय घास आठवत होता. टाकी धुतली, 'डिझेल गाळून घेत जा' एवढं सांगितलं आणि एसटी गाठली.

तिसऱ्यांदा पंप अडकला तेव्हा शंकररावांनी सांगून टाकलं, की आता पुन्हा बंद पडलं तर राहू गावचा एकजण इंजिन मागतोय, त्याला देऊन टाकू. बानूबाई आजारी जनावराशेजारी बसावं तशी इंजिनाला टेकून बसली.

आता बन्सीला बोलणं भाग होतं. टाकीत काय टाकता, असं त्यानं विचारलं. तिला लपवायचं काहीच नव्हतं. पोराचं इंजिन, सकाळी उपाशी कसं कामाला लावायचं? म्हणून झाकण काढून चिमूटभर भंडारा, घासासारखा. यात विचारण्यासारखं काय आहे, हेच तिला कळेना.

"मावशी, वरनं कितीबी लावा," बन्सी जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाला. "पर याच्या पोटात डिझेलबिगर काय जाऊ द्यायचं न्हाई. त्यानंच मरतंय ते."

बानूबाईनं हातातली भंडाऱ्याची डबी मिटली.

"डाक्टरबी असंच म्हनला हुता," ती म्हणाली. "पेजेबिगर पोटात काय जाऊ देऊ नका. पोरगं म्हनलं, आये, एक घास दे. म्या दिला. मंग पोटात कळ आली, आन् ग्येलं."

हे शंकररावांनाही ठाऊक नव्हतं.

मग शंकरराव खाकरले. जन्मात कधी स्वतःची चूक कबूल न केलेला माणूस. ठेच लागली तरी दगडावर खेकसायचा.

"वैनी, तुमचं काय न्हाई त्यात," ते म्हणाले. "फिल्टर म्या काढून ठिवला हुता. डिझेल लवकर उतरंना म्हनून. व्हय ना रं बन्सी?"

फिल्टर जागेवरच होता. तुंबून तुंबून फाटलेला, पिवळाजर्द. बन्सीनं तो मघाशीच स्वतःच्या हातानं काढला होता.

"व्हय," बन्सी म्हणाला. "त्यानंच झालं."

"भावजी," बानूबाई दिराला म्हणाली, "तुमास्नी खोटं बोलाया येत न्हाई." आणि भंडाऱ्याची डबी तिनं कनवटीला खोचली.

इंजिन विकावं लागलं नाही. पुढं कितीतरी वर्षं ते भीमेच्या काठावर धडधडत राहिलं. भंडारा ती चाकाला लावायची. टाकीच्या झाकणाला पुन्हा हात लावला नाही. सरकारी माणसाला घरातली नावं आता पहिल्या फटक्यात मिळायची. शेळ्या जेवणाच्या वेळी दाराशी येऊन ताटकळायच्या आणि परत फिरायच्या.

एकदा बन्सी त्या बाजूला आला होता म्हणून इंजिन बघायला उतरला. पंप खोलला, आत लख्ख होतं. घरी आला तर जेवणाची वेळ. हात काळेच होते. सवयीनं तो बानूबाईसमोर उकिडवा बसला आणि त्यानं आ केला.

तिनं तांब्या उचलला, त्याच्या हातांवर पाणी घातलं आणि ताट त्याच्यापुढं सरकवलं.