दाजींचा साबण आणि आमचं पाणी

माझे दाजी विल्फ्रेड ॲक्रॉइड हॅलिफॅक्सच्या डोंगरावर घरीच दाढीचा साबण करत. मी खाली बेव्हर्ली गावातला न्हावी. त्यांच्या साबणाला माझ्या दुकानात कधी धड फेस आला नाही. तीनदा परत पाठवला. तिन्ही वेळा त्यांनी चरबी वाढवून नवा धाडला आणि वर लिहिलं, "ब्रश नीट फिरव!"

शेवटी एका शनिवारी ते स्वतःच आले. खुर्चीत हॉरेस खाटीक मान मागे टाकून बसला होता. मी फेस लावून वस्तरा उचलेपर्यंत त्याच्या गालावर नुसता चिकट पापुद्रा उरला. गळ्यापाशी वस्तरा अडखळला. हॉरेसनं मान आखडली.

"हलू नकोस," मी म्हणालो.

दाजींनी ब्रश हिसकावला. "तुझ्या हातातच दम नाही!" मग तेही घोटत बसले. त्यांना घाम फुटला, पण फेस येईना.

"घरी कशानं घोटता, दाजी?"

"नळाच्या पाण्यानं. आणखी कशानं, बिअरनं?"

मी किटलीचं झाकण काढून ती त्यांच्या नाकाखाली धरली. आमचं पाणी खडूच्या खडकातलं, जड; साबणाला फेस येऊ न देणारं. आत पांढरा थर जमलेला. डोंगरावरच्या हलक्या पाण्यानं त्यांची किटली जन्मभर लख्ख राहिलेली. दाजींचा चेहरा उतरला.

हॉरेसची दाढी मी माझ्या नेहमीच्या साबणानं उरकली. पुढचा साबण याच पाण्यात घोटून बघायचा म्हणून दाजींनी माझ्या नळावर एक डबा काठोकाठ भरला आणि गाडीत तो मांडीवर धरून घरी गेले.

बहिणीनं दारातच विचारलं, "यात काय आणलंत?"

"गिऱ्हाईक," दाजी म्हणाले.