कॅप्टनचे टोमॅटो

आमचे कॅप्टन टोमॅटो कधी बघून घेत नसत, दाबून घेत. शिवाजी नगरातला भाजीवाला करवादायचा, "साहब, भगवान ने आँखें किसलिए दी हैं?" कॅप्टन हसून म्हणत, "हमारी माई ने ऐसे ही सिखाया है."

खरं तर ते कॅप्टन नव्हतेच. तेव्हा सरकारी खात्यात इंजिनियर होते, आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत. पण डोक्यावरून विमान गेलं की चाळिशीला टेकलेला हा माणूस बोलणं अर्धवट सोडून, ते दिसेनासं होईपर्यंत मान वर करून उभा! कॉलनीने थट्टेने नाव ठेवलं, आणि त्यांनी ते मनावर घेतलं.

एक दिवस पायलट व्हायचं म्हणून राजीनामाच देऊन आले. मी म्हटलं, "दादा, आधी डॉक्टरी तपासणी तरी करून घ्यायची!"

"दोन डगरींवर हात ठेवणं आपल्याला जमत नाही. आणि मला काय धाड भरलीय?"

त्यांच्या आईने, माईंनी, घरोघर पेढे वाटले. वाटताना मान खाली होती. क्वार्टर सुटलं, बिऱ्हाड शाहपुऱ्यातल्या दोन खोल्यांत गेलं. निम्म्या वयाच्या पोरांबरोबर बसून दादा सगळे पेपर पास झाले. मग तपासणी. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पान पुढे धरलं आणि आकडा विचारला. दादांना नुसते ठिपके दिसले.

त्या संध्याकाळी माई बोलल्या. "लहानपणीच डॉक्टर म्हणाले होते, ह्याला लाल-हिरवं कळत नाही. सांगितलं असतं तर तुला मुलगी कोणी दिली असती?" वहिनी तिथेच उभ्या होत्या.

"आणि राजीनामा देताना?"

"सुनेसमोर कसं बोलू रे?"

दादा ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी माईंसमोर शर्ट धरून अगदी गोड आवाजात विचारू लागले, "माई, हा कोणता रंग?" त्या सांगायच्या. मग दुसरा शर्ट. त्या रडायला लागल्या तरी तिसरा. मी म्हटलं, "पुरे करा दादा, म्हातारीचे हाल होतात."

"हाल कसले? मी शिकतोय."

पुढे अर्धांगाने माईंची वाचा गेली. तरी ते शर्ट घेऊन उत्तराची वाट बघत उभे राहत. मला दादांची किळस यायची, आणि त्यांच्याइतकी दया कोणाचीच येत नसे.

माई गेल्यावर एकदा शाहपुऱ्याच्या बाजारात भेटले. आता दाबून घेत नाहीत. एक टोमॅटो माझ्यापुढे धरून म्हणाले, "हा कोणता गं?"

"हिरवा आहे, दादा."

त्यांनी तो तसाच पिशवीत टाकला आणि दुसरा उचलला.