इंटरनेटनं बोली मारली, असं सर म्हणाले

आमच्या डिपार्टमेंटात इंटरनेटचा समाजावर काय परिणाम होतो, याचं संशोधन चालतं. समाजाचं काय व्हायचं ते होवो, आमच्याकडे किस्से मात्र ढिगानं साचलेत. कुणाला सांगितले की म्हणतात, "थापा मारू नकोस!" अहो, मारायची गरजच पडत नाही!

*

पहिल्याच मीटिंगला सरांनी रिपोर्टचा शेवट वाचून दाखवला. इंटरनेटमुळे तंजावरची मराठी बोली मेली!

मी म्हटलं, "सर, अजून आपण एकाही घरी गेलो नाही."

"मग जा की! पुरावा नको?"

सर इथल्याच, तंजावरच्या मराठी घरातले. पण डिपार्टमेंटात इंग्रजीखेरीज तोंड उघडत नाहीत. हेसुद्धा इंग्रजीतच म्हणाले.

*

एकदा दिल्लीहून मोठे तज्ज्ञ आले. त्यांना डिजिटल दरी 'बघायची' होती! जवळच्या तिरुवैयारु गावाच्या पुढं कालव्याकाठच्या एका खेड्यात नेलं. तिथं त्यांच्या मोबाइलची रेंज गेली. पाहुणे कासावीस! हात वर करून बांधावरनं येरझाऱ्या घालत होते. गावकरी नारळाच्या सावलीत बसून मजा बघत होते.

नंतर त्यांचा पेपर आला. त्यात लिहिलं होतं, 'नेटवर्कअभावी गावकऱ्यांत तीव्र अस्वस्थता आढळली.'

*

हेमा माझ्याच टेबलाशी बसून पीएचडी करते. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत ती घरोघर फिरली. आमच्या तंजावरी मराठी लोकांना देवनागरी वाचता येत नाही, मग टाइप कोण करणार? सगळे व्हॉइस नोट पाठवतात. तिथल्या सुंदरामामी अमेरिकेतल्या नातीला रोज बोलून पाठवतात, "रसम कसं केलीस ते सांग गे!" आणि समोर असताना गप्प बसणारी ती पोरगी तिकडून मराठीत उत्तर देते. इंटरनेटवर बोली चांगली जिवंत होती! हेमानं त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं.

सर म्हणाले, "ही बाई अपवाद आहे. काढ."

"सर, गल्लीतली सगळीच घरं असं करतात."

"मग सगळीच काढ!"

ते प्रकरण गेलं की हेमाची पीएचडी गेली. पोरगी कँटीनमध्ये कॉफीसमोर रडत बसली. मला त्या माणसाची शिसारी आली.

*

आणि मग तो सेमिनार. हॉल भरलेला. सरांचा मोबाइल हॉलच्या स्पीकरला जोडलेला, कॉलरला माइक. सरांनी गंभीर चेहऱ्यानं इंग्रजीत जाहीर केलं, "ही बोली आता कुणाच्याही घरात ऐकू येत नाही."

तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर व्हॉइस नोट आली. सवयीनं सरांनी ती दाबली. अख्ख्या हॉलमध्ये त्यांच्या आईचा आवाज घुमला, "कां रे, जेवलास कीं नाहीं? डब्यांत तळलेलीं अप्पळम ठेवलीं आहेत, मऊ पडतील!"

सर गोंधळले. मोबाइल तोंडाशी धरून घाईघाईनं म्हणाले, "भाषण चाललं आहे आई, मग खातों!" माइक चालूच होता.

मागच्या रांगेत हेमा उभी राहिली आणि तिनं मराठीत विचारलं, "सर, आईंना पण काढूं?"