नमिताच्या कानातली तुंगा

कुवेंपुनगरात वादिराजला सगळे साउंडकाका म्हणत. बेळगोळच्या कारखान्यात तीस वर्षं विजेची कामं केलेला माणूस. घरचा पंखा महिनाभर बंद असला तरी चालेल, पण भजनी मंडळाचा माइक जरा खरखरला की हा ताटावरून उठायचा. बायको तुंगा म्हणायची, घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणारा नवरा पदरात पडला. हे तरी त्याने ऐकलं असेल का, देव जाणे. कानात कायम हेडफोन.

तुंगा मंडळाच्या भजनांत पुढे बसून गायची. घसा धरायला लागला तेव्हा तिने मागे गाणाऱ्या बायकांसाठी सगळी भजनं रेकॉर्ड करून ठेवली. एका ट्रॅकवर तंबोरा आणि ठेका, दुसऱ्यावर नुसत्या तिच्या सूचना. "आता श्वास घे." "स्वल्प हळू." मागच्या वर्षी ती गेली.

मुलगा निनाद नोकरीसाठी जर्मनीला जाताना गिटारचा प्रोसेसर घरीच टाकून गेला होता. पायाने दाबायच्या बटणांची ती जड पेटी वादिराजने लॅपटॉपला जोडली आणि आवाजाला वेगवेगळ्या वाटा करून दिल्या. तंबोरा-ठेका सभागृहाच्या स्पीकरला. तोच ठेका आणि वर तुंगाच्या सूचना, आता तुंगाच्या जागी पुढे बसणाऱ्या नमिताच्या इअरफोनला. लोक म्हणत, पोरगी काय तयार झाली! गेलेली बाई तिच्या कानात बसून गाऊन घेते, हे दोघांनाच ठाऊक.

रामनवमीच्या आदल्या दिवशी तालमीनंतर नमिता त्याच्याजवळ आली.

"काका, माझ्या कानातून तुंगाअक्कांचा आवाज काढून टाका की हो. मला भ्या वाटतंय."

"भ्यायचं काय त्यात? रोजचंच आहे."

"परवा मधेच 'थांब' म्हणाल्या. मी घरी जाऊन रेकॉर्डिंग ऐकलं, काका. त्यात ते नाहीच."

वादिराज चिडला. यंत्रात घातलं तेवढंच बाहेर येतं, असं त्याने तिला सुनावलं. खरं दुखणं वेगळंच होतं. तालमीआधी नमिताची वाट तपासायच्या निमित्ताने त्याला तुंगाचा आवाज ऐकायला मिळायचा. रिकाम्या घरात तो एकट्याने लावायची त्याची छाती नव्हती, आणि नमिताला नको असेल तर लावायचा तरी कुणासाठी?

मग त्याने एक युक्ती केली. नमिताच्या वाटेवरून तुंगाला काढलं आणि पेटीच्या तिसऱ्या जॅकमधून फक्त स्वतःच्या कानात घेतलं. कुणाला सांगितलं नाही.

सकाळी दहाला कार्यक्रम सुरू झाला. पहिल्याच भजनाला लॅपटॉपच्या पडद्यावर तुंगाच्या ट्रॅकची हिरवी पट्टी वरखाली होऊ लागली. म्हणजे ती बोलत होती. वादिराजच्या कानात मात्र काही नाही. त्याने वायर बदलली, इअरफोन बदलला. त्याच जॅकमध्ये तंबोरा सोडून पाहिला, तो लख्ख ऐकू आला. परत तुंगाला सोडलं. पट्टी हलत राहिली, कान रिकामाच.

समोर नमिता गात होती, आणि तुंगा घ्यायची तिथेच श्वास घेत होती. शेवटच्या भजनात ती मधेच थांबली. डोळे मिटलेले, मान किंचित कलती, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. ठेका चालूच होता. दोन आवर्तनांनी तिने पुन्हा सूर धरला.

प्रसादाचं गुळाचं पानक आणि डाळीची कोसंबरी यांचं वाटप सुरू झालं तेव्हा ती स्वतःच आली.

"बरं केलंत काका, अक्कांना ठेवलंत ते. आज भ्या वाटलं नाही."

वादिराजने लॅपटॉप तिच्यापुढे फिरवला. तिच्या वाटेवर तंबोरा आणि ठेका, एवढंच होतं. "मी तुझ्या कानात तिला सोडलंच नव्हतं," तो म्हणाला.

नमिताने पानकाचा पेला खाली ठेवला. "अय्यो देवा. मग मला थांबवून बोलल्या, ते?"

"काय म्हणाली?"

ती सांगायला तयार नव्हती. त्याने पुन्हा विचारलं.

"म्हणाल्या, ह्यांना हाका मारून मारून मी दमले. तू ऐकतीस, म्हणून तुझ्याशी बोलते."

वादिराजने कानातला इअरफोन काढला.

"आणि माझ्यासाठी? काही निरोप?"

"नाही हो, काका."