नव्या गाडीची साल काढताना

दुकानात दिवसाआड एखादा तरी शहाणा येतोच आणि माझ्या डोक्यात एक किस्सा टाकून जातो. हे किस्से सांगितले नाहीत तर डोकंच फुटायचं माझं!

आमचं दुकान सेलूत, पाथरी रोडला. पुढे शेड, मागे आमची खोली. नवी गाडीसुद्धा कंपनीतून गुळगुळीत येत नाही बरं का. बॉनेटवर तिरकं बघा, संत्र्याच्या सालीवर असतात तसे बारीक खड्डे दिसतात. आमचे हे ती साल ओल्या, खरखरीत वॉटर पेपरनं हलक्या हातानं घासतात, मग मशीननं पॉलिश करतात. वरचा थर कागदाएवढा. जरा जास्त घासलं की रंग उडालाच! तसं एकदा जरी झालं, तरी गावभर बोंब आणि दुकान बंद. मग दोन वर्षांच्या चिमीला घेऊन पुन्हा ऊसतोडीला जायचं. म्हणून गाडी बाहेर पडेपर्यंत मी तिथून हलत नाही.

*

एक मास्तर नवीकोरी पांढरी गाडी धुवायला आले. ह्यांनी सहज साल दाखवली. मास्तर लालबुंद! "म्हंजी शोरूमवाल्यानं मला खराब माल दिला!" तसेच भांडायला गेले.

संध्याकाळी परत आले ते ह्यांच्यावरच डाफरत, "तितल्या समद्याच गाड्या तशा निघाल्या! तुमी माजे डोळे बिघडवले!"

घ्या! गुन्हेगार आम्ही!

*

घासून झाल्यावर, पॉलिशच्या आधी, गाडी राख फासल्यासारखी दिसते. ताडकळसचा एक नवरदेव लाल गाडी टाकून गेला आणि न्यायला आले त्याचे काका. नेमकी तेव्हाच ती राखेसारखी!

"कोण हाय रं तिकडं? नव्या गाडीची पार वाट लावली!"

हे म्हणाले, "काका, दोन तास थांबा, लय चमकल."

काका कशाचे थांबतात! चावी हिसकली, तशीच गाडी वरातीला नेली. मी आठ दिवस धसका घेऊन बसले. नवव्या दिवशी त्याच वरातीतले तिघं दारात. "भाऊ, तसला मॅट कलर आमाला बी करून द्या!"

अर्ध्या कामाचं कौतुक, पुऱ्या कामाला शिव्या!

*

शेजारच्या काकू म्हणतात, "त्यात शिकायचं काय गं? आमी जल्मभर भांडी घासली."

आणि खरंच तारेची घासणी घेऊन लेकाच्या नव्या मोटारसायकलची टाकी घासत बसल्या! टाकीचं जळकं पातेलं झालं. वर मलाच म्हणतात, "आता ह्याच्यावर तुमचं मशीन फिरवा की."

मी म्हणलं, "काकू, आता कल्हईच लावा!"

*

घासायच्या आधी रंगाची जाडी मी मोजते. मीटर लावायचा, आकडा सांगायचा. सातवी शिकलेय, आकडा वाचता येतो की! पण एका गिऱ्हाइकाला बाईचा आकडा चालेना. "मालकाला बोलवा."

हे आतूनच ओरडले, "किती आलाय गं?" मी सांगितला. ह्यांनी बाहेर येऊन तोच सांगितला.

"बघा," तो म्हणाला, "माहीतगार माणसानं सांगितलं की कसं खात्रीचं वाटतं!"

*

आणि ही काळी गाडी. साहेब म्हणाले होते, "आरशासारखी पाहिजे." ह्यांनी तीन दिवस जीव ओतला. साहेब न्यायला आले ते म्हाताऱ्या आईला, पूजेच्या ताटासकट घेऊनच. नारळ गाडीवर आपटतील म्हणून मी आधीच गाडीच्या दाराजवळ दगड ठेवला. "आजी, ह्याच्यावर फोडा हं."

आजींनी हळदकुंकू वाहिलं, नारळ उगारला आणि धाडकन हाणला तो थेट दारावर! दाराला पोचा, रंगाचा टवका उडाला.

साहेब ह्यांच्या अंगावर आले. "घासून घासून पातळ केला तुमी! उद्या दुकान कसं उघडता तेच बघतो!"

रस्त्यावरची माणसं जमली. हे मान खाली घालून उभे. चिमीनं भोकाड पसरलं. माझं डोकंच सटकलं. "नारळ कुणी हाणला ते आईला इचारा की!"

साहेब वळले. "आई, एवढा दगड ठिवलाय, दारावर का गं हाणला?"

आजी लेकापेक्षा जास्त खवळलेल्या. "मग काय करू? ती दारातली बया समोरून माज्यावरच नारळ उगारायलती! मी गप मार खाऊ व्हय?"